ठमीची सेमीफायनल आणि तुमचं सुतक

अण्णा, आधी मला एवढं सांगा, मला तुमचं सुतक आहे की नाही?

इराला आहे. त्यात वाद नाही. ती तुमच्या मुलाची, निखिलची, मुलगी, लग्न व्हायचंय, तिला दहा दिवस. आईने पुण्याहून फोनवर हे सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, "तुला मात्र काही नाही हो. तुझा काय संबंध आता? घटस्फोटाच्या सह्या झाल्या तेव्हाच सगळं सुटलं." माझी आई तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार असतं, आणि ते देताना ती भाजी निवडत बसलेली असते. तर आमच्या सिंगापूरच्या, क्लेमेंटीच्या ह्या फ्लॅटमध्ये सध्या एकीला सुतक आहे आणि एकीला नाही. इराने देवाजवळ जायचं नाही, दिवा मी लावायचा. पहिल्या दिवशी लावला. दुसऱ्या दिवशी काडी ओढली आणि वाटलं, अगं, अण्णा गेलेत आणि तू हे काय करतेयस? नाही लावला. तिसऱ्या दिवशी वाटलं, आपण कोण लागून गेलो एवढ्या, आणि परत लावला. असं एक दिवसाआड चाललंय. देवांनाही कळत नसेल ह्या घरात नक्की झालंय काय.

निखिलचा फोन आला तेव्हा मी हार्बरफ्रंटला ऑफिसात होते. इतक्या वर्षांत त्याने कामाच्या वेळी कधी फोन केला नव्हता, म्हणून उचलला. "अण्णा गेले," तो म्हणाला. "सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि गेले." मी "बरं" म्हणाले. कोणी गेल्याचं कळल्यावर बरं म्हणतात का? पण मी म्हणाले. मग स्क्रीनवरचं जहाजाचं बिल पूर्ण तपासलं, पुढे पाठवलं, आणि पँट्रीत जाऊन उभी राहिले. शेजारच्या टेबलवरची मेलिंग आली, म्हणाली, "यू ओके? हू पास्ड अवे?" एक्स फादर-इन-लॉ म्हणायचं? असं कोणी असतं का? नवरा एक्स होतो, हे कळलं. सासरा एक्स कसा होतो? मी म्हणाले, "फॅमिली." तिने बिचारीने मला गरम मायलो करून दिला.

मी तुमची सून होते तेव्हा आपण फार बोलायचो असं नाही. तुम्ही कोणाशीच बोलायचा नाहीत. पाटबंधारे खात्यातली नोकरी केलीत, पण तुमचा खरा धंदा म्हणजे टेनिसच्या मॅचला लाइनवर बसून चेंडू आत की बाहेर ते सांगणं. पुण्यात कुठे स्पर्धा असली की रजा टाकायची, पांढरी पँट, पांढरी टोपी, आणि बेसलाइनच्या टोकाला खुर्चीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, काय मजा, फुकटात एवढं टेनिस बघायला मिळतं. एकदा विचारलं, "अण्णा, आज कोण जिंकलं?" तुम्ही म्हणालात, "माहीत नाही." मला वाटलं सासरा तिरसट आहे. मग निखिलने सांगितलं की तुम्हाला खरंच माहीत नसतं. तुम्ही चेंडू बघतच नाही, तुम्ही लाइन बघता. चेंडूच्या आधी नजर लाइनवर पोचली पाहिजे, हे तुमचं पहिलं आणि शेवटचं तत्त्व. उन्हात एवढा वेळ बसायचं आणि समोर काय खेळ झाला ते माहीत नाही. अजब माणूस, मी मनात म्हणाले होते.

आणि त्या खाणाखुणा. बाहेर पडला तर ओरडून हात आडवा. आत पडला तर तोंडाने काही नाही, फक्त दोन्ही पंजे पालथे, जमिनीकडे. आणि मधे कोणी आलं, दिसलंच नाही, तर दोन्ही हात डोळ्यांवर. घरीसुद्धा तेच. आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं की पंजे पालथे. निखिलच्या आईचे जुने फोटो काढले की हात डोळ्यांवर, म्हणजे हा फोटो कधीचा ते आठवत नाही. घरात तिसरं माणूस आलं की त्याला वाटायचं, ह्यांना काही झालंय का.

तर असा माणूस परवा परवा मला फोन करून म्हणतो, "मंजिरी, तिकडे बायकांची मोठी स्पर्धा आहे म्हणे. येऊ का?" सह्या झाल्यापासून सहा वर्षांत तुमचा माझा फोन म्हणजे इराच्या वाढदिवसाला, "बरं आहे ना?" "बरं आहे." मी म्हणाले, या की. इराला भेटायचं असेल, टेनिस हे निमित्त. मग तुम्ही म्हणालात, "तू आठवडाभर रजा काढशील का?" आयुष्यात तुम्ही माझ्याकडे पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. उठून घ्यायचात. मी लगेच हो म्हणाले आणि मग दिवसभर ऑफिसात विचार करत बसले की ह्यांना झालंय काय. आजारी आहेत? निखिलशी भांडले? इराची परीक्षा चालू होती, ती दिवसभर शाळेत असणार हे तुम्हाला सांगितलं, तरी चालेल म्हणालात. म्हणजे इरासाठी नव्हतं. मग कशासाठी, ते मला आजही कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी कल्लांगच्या टेनिस स्टेडियमला गेलो तेव्हा पात्रता फेरी चालू होती. बाजूचं कोर्ट, चार टाळकी बसलेली. मी चांगल्या मधल्या खुर्च्या पकडल्या तर तुम्ही म्हणालात, "इथून काय दिसणार?" आणि मला ओढत कोपऱ्यात नेलंत, बरोबर बेसलाइनच्या रेषेत. खांबाआडून निम्मं कोर्ट दिसत नव्हतं. मी कपाळाला हात लावला. आणि मग तुमच्या लक्षात आलं की कोर्टवर लाइनवाले नाहीतच. एक खुर्ची नाही, एक टोपी नाही. चेंडू बाहेर गेला की कुठूनतरी एका बाईचा आवाज यायचा, "आउट."

"कोण बोलतंय?" तुम्ही विचारलंत.

"मशीन आहे अण्णा. कॅमेरे बघतात, आवाज रेकॉर्ड केलेला असतो."

तुम्ही पुढचे दोन-तीन कॉल कान देऊन ऐकलेत. मग म्हणालात, "आवाज चांगला आहे." मला तुमचं फार वाईट वाटलं. एवढ्या लांबून आलात आणि तुमची खुर्चीच काढून टाकलेली. मी म्हणाले, चला, जाऊया, लाक्सा खाऊया, तुम्हाला व्हेज मिळतो एके ठिकाणी. तर तुम्ही म्हणालात, "थांब. ती पोरगी बघ."

ती पोरगी म्हणजे ठमी. इंग्लंडहून आलेली, एकोणीस वर्षांची, नाकावर पांढरं मलम, गुडघ्याला पट्टी. खरं नाव इराने तुम्हाला दहादा सांगितलं. तुम्ही पहिल्याच दिवशी तिला ठमी केलंत आणि शेवटपर्यंत ती ठमीच राहिली. "आजोबा, शी इज नॉट ठमी लाह," इरा म्हणायची. "मग कोण आहे? चालते तर ठमीसारखी," तुम्ही. ठमी कोण, ते इराला माहीत नाही, मलाही धड माहीत नाही, पण ती खरंच ठमीसारखी चालायची. पाय आपटत, स्वतःवरच चिडलेली.

त्या मॅचला पहिला सेट ती हरली. दुसऱ्यात कशीबशी तगली. तिसऱ्यात एकदा ती पळत पळत आपल्या कोपऱ्यापर्यंत आली आणि असा काही फटका मारला की समोरची जागची हलली नाही. आणि अण्णा, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी खेळ सोडून तुमच्याकडे बघत राहिले. निखिलच्या आणि माझ्या लग्नात मंगलाष्टकं झाल्यावर सगळा हॉल टाळ्या वाजवत होता तेव्हा तुम्ही हात मागे बांधून उभे होता, माझ्याकडे फोटो आहे. मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला टाळ्या वाजवता येतात?" तुम्ही जरा लाजलात. मग म्हणालात, "तिच्या बाजूला कोणी नाही बसलेलं, बघ." खरंच, खेळाडूच्या माणसांसाठी ठेवलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कोच नाही, आई नाही, कोणी नाही. एकीवर तिची बॅग होती. संध्याकाळी इराने विचारलं, हीच का आवडली, तर तिला सांगितलंत, "बॅकहँड चांगला आहे." दोघींना दोन उत्तरं. खरं कुठलं?

मग आठवडाभर आपलं हेच. सकाळी इरा शाळेत गेली की तुम्ही पोहे मागायचात, मागायचात म्हणजे अक्षरशः तोंडाने, "पोहे करतेस का?" मग मेट्रोच्या हिरव्या लाइनने कल्लांग. ठमी पात्रता फेरी पार करून मुख्य स्पर्धेत आली. पहिल्याच फेरीत तिला मानांकनवाली मिळाली, चांगली दांडगी, खांदे बघूनच धडकी भरावी अशी. ठमी पहिल्या सेटमध्ये धुऊन निघाली. तुम्ही उठून उभे राहिलात आणि ओरडलात, "ऊठ गं बये! रडतेस काय!" अख्ख्या स्टेडियममध्ये. मागच्या ओळीतली चिनी आजी मला म्हणाली, "युवर फादर व्हेरी हॉट टेम्पर, अह?" मी म्हणाले, "यस." तुमच्यासारख्या थंड माणसाबद्दल कोणी असं म्हणेल असं वाटलं नव्हतं. आणि मी नुसतं यस म्हणून मोकळी झाले, हे माझे फादर नव्हेत, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. हे मला नंतर सुचलं, भांडी घासताना.

ठमी ती मॅच जिंकली. पुढचीही जिंकली. मधे एक दिवस तिची मॅच नव्हती, म्हणून मी म्हणाले, पुलाउ उबीनला जाऊया, होडीतून जायचं, जुनी गावातली घरं आहेत, तुम्हाला आवडेल. तुम्ही विचारलंत, "ती आज सराव कुठे करते?" झालं. उबीन राहिलं. आपण जाळीच्या बाहेर उभं राहून तिचा सराव बघितला. ती सर्व्ह करत होती, परत परत तोच, आणि तुम्ही जाळीला नाक लावून पुटपुटत होता, "पहिला चुकला की दुसरा सर्व्ह मऊ पडतो. दुसरा फार मऊ पडतो." ऊन मी म्हणत होतं. मी छत्री धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, मंजिरी, तू रजा काढून हे काय करतेयस. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. गेल्या कित्येक वर्षांत कोणासाठी छत्री धरली नव्हती.

क्वार्टरफायनल तिने अशी जिंकली की माझाच घसा बसला. परत येताना गाडीत आपल्याला बसायला जागा मिळाली. तुम्ही खूश होता, मांडीवर बोटांनी ताल धरला होतात. आणि मला काय झालं कोण जाणे, एकदम राग आला. परक्या देशातली कोण कुठली पोर, तिच्यासाठी हा माणूस घसा फोडतो. माझ्या वेळी काय झालं होतं ह्याला?

माझ्या वेळी म्हणजे पुण्यातली ती बैठक. तुमचाच हॉल. निखिल, त्याचे मामा, तुम्ही, आणि समोरच्या सोफ्यावर मी एकटी, कारण माझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालेलं. निखिलला पुण्याला परत यायचं होतं, मला सिंगापूर सोडायचं नव्हतं, आणि त्यावरून सुरू झालेलं भांडण कुठच्या कुठे गेलेलं. त्या आधीचे तीन महिने तुम्ही इथेच, ह्याच फ्लॅटमध्ये, आमच्याबरोबर होता. सगळं तुमच्या डोळ्यांदेखत. म्हणून मामा म्हणाले, "अण्णा, आता तुम्हीच बोला. चूक कोणाची?" आणि तुम्ही दोन्ही हात डोळ्यांवर ठेवलेत. मामांना वाटलं तुम्हाला रडू आलं. त्यांनी धावत जाऊन पाणी आणलं. आजही तुमच्याकडे सगळे म्हणतात, त्या दिवशी अण्णांना किती लागलं होतं. फक्त मला आणि निखिलला माहीत होतं की तुम्ही रडत नव्हता. तुम्ही म्हणत होता, दिसलं नाही.

तर गाडीत मी विचारलं, "अण्णा, त्या बैठकीत तुम्ही डोळ्यांवर हात ठेवलेत. खरंच दिसलं नव्हतं?"

तुमची बोटं थांबली. तुम्ही दरवाजावरचा स्टेशनांचा नकाशा वाचलात. मग म्हणालात, "उद्या तिचा दुसरा सर्व्ह समोरची फोडून काढणार."

"अण्णा."

"दिसलं होतं," तुम्ही म्हणालात.

मी म्हणाले, "मग?"

"नातं असलं की त्या मॅचला बसायचं नसतं. आधीच जाऊन सांगायचं, साहेब, खेळणारं माझ्या घरचं आहे, मला उठवा. तिथे तर दोन्हीकडचे घरचे. मी उठायला पाहिजे होतं. बसून राहिलो." जरा थांबून म्हणालात, "ठमीची मॅच माझ्याकडे नाही. तिला मी काय वाट्टेल ते ओरडू शकतो." आणि लगेच, "क्लेमेंटी आलं बघ."

अण्णा, तुम्हाला काय दिसलं होतं? हे मी तिथेच, प्लॅटफॉर्मवर विचारायला हवं होतं. पण तुम्ही एस्केलेटरचा दांडा धरून पुढे उभे होता, तुमची मान मागून फार बारीक दिसत होती, आणि मला भीती वाटली. तुम्ही म्हणाला असतात "चूक तुझी होती," तर? आणि "निखिलची" म्हणाला असतात तर त्याचं तरी मी काय करणार होते? म्हणून मी विचारलं, रात्री भाकरी करू की पोळी? तुम्ही म्हणालात भाकरी. दोन्हीकडचे घरचे, असं तुम्ही म्हणालात. तेव्हा मी घरची होते म्हणता, की अजून आहे म्हणता? हे पण विचारलं नाही. वांग्याचं भरीत छान झालं होतं, ते तेवढं आठवतंय.

सेमीफायनलला तुम्ही मला सकाळपासून घाई केलीत. आता तिच्या खुर्च्यांमध्ये दोन माणसं दिसत होती, कोणीतरी घाईघाईने विमान पकडून आलं असावं. "आलं बघ कोणीतरी," तुम्ही म्हणालात, आणि मला कळेना तुम्हाला आनंद झाला की वाईट वाटलं. पहिला सेट ठमीने घेतला. दुसऱ्यात पुढे होती. आणि मग तो दुसरा सर्व्ह, मऊ, आणि समोरचीने तो खाऊन टाकला, एकदा, दोनदा, दरवेळी. तुमचं भाकीत खरं ठरत होतं आणि तुम्ही हात चोळत होता. दुसरा सेट गेला, तिसऱ्यात तिचा शेवटचा चेंडू लाइनजवळ पडला. त्या बाईचा आवाज आला, "आउट." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही लाइन बघत नव्हता. तुम्ही ठमीकडे बघत होता. "आउट होता का?" मी विचारलं. "कोण जाणे," तुम्ही म्हणालात, आणि ह्यावेळी तुमचे हात डोळ्यांवर गेले नाहीत, ते टाळ्या वाजवत होते. ठमी डोक्यावर टॉवेल घेऊन बसली, मग बॅग उचलून पाय आपटत आत गेली. लोक उठले. तुम्ही उभे राहून वाजवतच होता. शेवटी गणवेशातला एक माणूस येऊन म्हणाला, "अंकल, फिनिश ऑलरेडी." मला इतका राग आला त्याचा. मग मीही वाजवल्या.

फायनलच्या दिवशी तुमचं परतीचं विमान होतं. तिकीट आधीच काढलेलं. मी म्हणाले, "म्हणजे ती फायनलला जाणार नाही हे तुम्हाला माहीत होतं?" तुम्ही म्हणालात, "मला कुठे माहीत होती ती? मी तुझ्याकडे आलो होतो." बस. एवढंच. आणि मग चांगी विमानतळाच्या गेटवर बॅगेचा पट्टा ठीक करत बसलात. जाताना म्हणालात, "तिचे पुढचे स्कोअर कळवत जा. मला त्या फोनवर सापडत नाहीत." तुम्हाला चांगले सापडतात. इराने तुम्हाला त्याच आठवड्यात शिकवलं होतं, मी समोर बसले होते.

ठमी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशात खेळली. पहिली फेरी जिंकली, मी तुम्हाला कळवलं. तुमचं उत्तर आलं, दोन पालथे पंजे, इमोजीतून शोधून काढले होतेत कुठूनतरी. दुसरी फेरी ती जिंकली त्या दिवशी सकाळी तुम्ही चहा घेतलात आणि पेपर उघडलात. मी संध्याकाळी घरी आले, फोन हातात घेतला, स्कोअर टाइप केला, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा कोणाला पाठवायचा. तो अजून तसाच आहे, अर्धवट. पुसवतही नाही.

निखिलचा परवा परत फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "मंजू, अण्णा तिकडे होते तेव्हा माझ्याबद्दल काही बोलले का?" मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, "खरं सांग. मला कायम वाटत आलंय की ते तुझ्या बाजूचे होते. माझ्याशी सहा वर्षांत धड बोलले नाहीत." मी हसले, अण्णा. रडायच्या जागी हसले. म्हणाले, "मला वाटायचं ते तुझ्या बाजूचे." काय हे, अण्णा. दोन माणसं इतकी वर्षं तुमच्यापायी एकमेकांचा हेवा करत बसली. एक शब्द टाकला असतात तर काय बिघडलं असतं? मला तुमचा संताप येतो. आणि मग तुम्ही छत्रीखाली जाळीला नाक लावून उभे दिसता आणि संताप टिकत नाही. दहाव्याला ये असं निखिल म्हणाला नाही. येऊ नकोस असंही म्हणाला नाही. तुमच्यावरच गेलाय.

इराचं म्हणणं वेगळंच. काल जेवताना म्हणाली, "आई, सिंपल व्हॉट. आजोबा सेड, आत असला की लाइनवाला ओरडत नाही. नो कॉल मीन्स इन. ही नेव्हर कॉल्ड यू आउट." पोर हुशार आहे. ऐकायला किती छान वाटतं. पण मी आयुष्यभर हिशेब तपासलेत, आकडे पहिल्या फटक्यात जुळले की मला संशय येतो. ठमीच्या रिकाम्या खुर्च्या आणि माझा तो सोफा, ते पण असंच जुळतं. तुम्ही असा विचार केला असेल? की तुम्हाला खरंच तिचा बॅकहँड आवडला होता? माणूस गेल्यावर आपल्याला हवं ते त्याच्या तोंडी घालता येतं, तो नाही म्हणायला येत नाही. मला तसं करायचं नाही. मी इराला म्हणाले, आमटी वाढ.

हे सगळं मी तुम्हाला लिहीत बसले होते तेवढ्यात शुभदाचा फोन आला. तुम्ही तिला ओळखत नाही. इथल्या मराठी मंडळातली, नवीन कॉन्डो घेतलाय त्यांनी. आम्ही इथे आलो तेव्हापासून ओळखते, निखिलला ओळखते, आमचं सगळं तिला माहीत आहे. म्हणाली, "शनिवारी वास्तुशांत आहे. इराला घेऊन ये, आणि प्रसादाचा शिरा तू करायचास, तुझ्या हातचाच हवा." मी हो म्हणायला तोंड उघडलं. आईच्या हिशेबाने मी मोकळीच आहे. शिरा करायला काहीच हरकत नाही.

"मला नाही जमणार गं," मी म्हणाले. "सुतक आहे."

"अगंबाई. कोण गेलं?"

"माझे सासरे."

ती थांबली. मला वाटलं, आता विचारणार. तुझे सासरे म्हणजे? तुझं तर... मी उत्तर शोधायला लागले आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. तुम्हाला काय दिसलं होतं ते माहीत नाही, तुम्ही कोणाच्या बाजूचे ते माहीत नाही. माझे सासरे होते, एवढंच माहीत होतं.

"कधी गं?" शुभदाने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "शिऱ्याचं मी बघते. तुझे दहा दिवस होऊन जाऊ देत, मग मी येते भेटायला."